आमची वाटचाल: उद्या वारा किती वाजता सुटेल?

आमची फर्म छोटी आहे आणि काम एकच, शिडाच्या बोटीवाल्यांना आणि विंडसर्फिंगवाल्यांना त्यांच्या पाण्यावर उद्या वारा कसा असेल ते आदल्या संध्याकाळी सांगायचं. सुरुवात मित्रांच्या ग्रुपमधून झाली. ॲपवर ८ नॉट (एक नॉट म्हणजे ताशी साधारण १.८५ किमी) दिसायचे आणि पाण्यात गेलं की १५ मिळायचे, कधी बरोबर उलटं, म्हणून मी मॉडेलचे, म्हणजे हवामानाचा अंदाज काढणाऱ्या कॉम्प्युटर प्रोग्रामचे आकडे आणि आमच्याकडे मोजलेला वारा शेजारी शेजारी लिहायला लागलो आणि जे दिसेल ते ग्रुपवर टाकायला लागलो. मग एका क्लबने विचारलं, रोज द्याल का, आम्ही पैसे देतो. धंदा तिथून सुरू झाला.

लोक विचारतात, फुकटचं ॲप असताना तुम्ही कशाला? तर बरीच ॲप जीएफएस या अमेरिकन मॉडेलवर चालतात, त्याच्या जाळीतले ठिपके साधारण १३ किमी अंतरावर असतात, युरोपियन हवामान सेंटरच्या मुख्य मॉडेलचे ९ किमीवर. एवढ्या चौकटीत तुमची खाडी, मागची टेकडी आणि पुढे आलेलं भूशिर सगळं एकाच आकड्यात बसतं. टेकडीच्या आडोशाला वारा पडतो आणि भूशिराच्या टोकाला जोर धरतो, ते त्या आकड्यात येणार कुठून! आणि थोडा फरक पण थोडा नसतो, कारण शिडावरचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, १० चे १४ नॉट झाले की जोर जवळपास दुप्पट, म्हणजे सर्फरला किनाऱ्यावरच लहान शीड लावून निघावं लागतं.

आमचं सगळ्यात जास्त डोकं खर्च होतं ते खाऱ्या वाऱ्यावर. शाळेत शिकलोय तेच, दिवसा जमीन लवकर तापते आणि समुद्रावरून वारा आत येतो, पण ग्राहकाला हवी असते वेळ. ११ ला येणार का २ ला? सकाळी ढग राहिले तर उशीर, वरचा मोठा वारा जमिनीकडून जोरात असेल तर खारा वारा दबून जातो, तोच हलका असेल तर उलट मदतच होते. आणि एकदा आला की दिवसभर रोख तसाच राहत नाही, उत्तर गोलार्धात दुपारपासून हळूहळू उजवीकडे वळत जातो, रेस लावणाऱ्यांना हे आधी कळलं तर मार्क, म्हणजे ज्यांना वळसा घालायचा ते तरंगते बोये, कुठे टाकायचे ते ठरवता येतं.

म्हणून आम्ही प्रत्येक ठिकाणी आधी खांबावर वारा मोजायचं यंत्र लावतो, एक अख्खा सीझन नुसतं मोजतो, आणि मॉडेल कुठल्या रोखाला, कुठल्या वेळी किती कमीजास्त सांगतं ते काढून तेवढी दुरुस्ती करतो. हवामान खात्यांची पद्धत १० मीटर उंचीवर मोजायची, विंडसर्फरचं शीड त्याच्या बरंच खाली आणि खाली वारा कमी असतो, तो हिशोबही धरावा लागतो. खाऱ्या हवेने कपवाल्या यंत्राचं बेअरिंग जड होतं आणि हलका वारा ते शून्य दाखवतं, म्हणून खांबाची देखभाल आम्ही बाहेर देत नाही, स्वतः चढतो.

मेसेजमध्ये एकच आकडा द्यायचा नाही हे आम्ही पहिल्यापासून ठरवलं. "१२ ते १६ नॉट, गस्ट २० पर्यंत, १ च्या सुमारास, ढग हटले तर" असं लिहितो (गस्ट म्हणजे अचानक येणारा जोराचा झोत), कारणासकट, म्हणजे सकाळी आभाळ बघून त्याचं त्यालाच ठरवता येतं. पाण्याकडे ढकलणारा वारा असेल तर ती ओळ सगळ्यात वर, कारण किनाऱ्यावर तो शांत वाटतो आणि नवखा माणूस आत गेला की परत येणं अवघड होतं. एका ग्राहकाने ती ओळ खाली टाका म्हणून आग्रह धरला होता, लोक येत नाहीत म्हणे. आम्ही नाही टाकली. ते काम गेलं, चालेल.

सध्या क्लब आहेत, ट्रेनिंगवाले आहेत, रेसच्या दिवसांत आयोजक असतात. आता काम चालू आहे ते गडगडाटी ढगांतून अचानक सुटणाऱ्या वाऱ्यावर. तो आदल्या संध्याकाळी वेळेसकट सांगता येत नाही, त्यामुळे त्या दिवशी एक माणूस रडार उघडून बसतो आणि ढग जवळ यायला लागला की थेट किनाऱ्यावर फोन करतो.