जपानमध्ये शाकाहारी माणूस जेवतो काय?

सुट्टीत नाशिकला गेले की हा प्रश्न ठरलेला. "तिकडे सगळं मासळीचंच ना गं? मग तू खातेस काय?" आत्या विचारते, शेजारचे काका विचारतात, हल्ली जपानची सहल ठरवलेले अनोळखी लोकही विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगते.

अडचण मांसाची नाही. मांस दिसतं, टाळता येतं. अडचण आहे ती दाशीची. कात्सुओ नावाचा मासा शिजवून, धुरी देऊन लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात. मग रंध्यावर त्याचे पातळ पापुद्रे काढतात आणि ते गरम पाण्यात घालून गाळतात. ते पाणी म्हणजे दाशी. सोबत बहुतेकदा कोम्बु हे समुद्री शेवाळ असतं. मिसो (आंबवलेलं सोयाबीनचं वाटण) सूप, उडोनचा (गव्हाच्या जाड नूडल्सचा) रस्सा, शिजवलेल्या भाज्या, सगळ्याला दाशी लागते, आपल्याकडे फोडणी लागते तशी. ताटात माशाचा तुकडा नसतो, त्यामुळे वाढणाऱ्याच्या मनातही मासा येत नाही.

पहिल्या वर्षी ओसाकात घराजवळच्या उडोनच्या दुकानात मी "मांस नको, मासे नकोत" असं नीट सांगितलं होतं. दुकानातल्या आजींनी मान डोलावली. वाडगा आला, रस्सा सोनेरी, नितळ, पण वास धुरकट. मी विचारल्यावर त्या आत गेल्या आणि मूठभर तपकिरी पापुद्रे तळहातावर घेऊन आल्या. "हे? ही तर दाशी!" त्यांना खरंच आश्चर्य वाटलं होतं. मग त्यांनी वाडगा उचलला, नवे उडोन उकळून निथळले आणि वर किसलेला मुळा, आलं, तीळ आणि नुसता शोयु, म्हणजे सोया सॉस, घालून आणून दिले. मी आजही तिथे तेच खाते. म्हणून सांगते, नुसतं "शाकाहारी" म्हणून भागत नाही. "कात्सुओ नो दाशी मो दामे देसु", म्हणजे कात्सुओची दाशीही चालत नाही, हे वाक्य पाठ करून जा.

कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानांत, उमेबोशीची (खारवलेल्या आंबट फळाची) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, त्यातल्या त्यात बरी. पण पाकिटावरच्या अ‍ॅलर्जीच्या चौकटीवर विसंबू नका. तिथे दूध, अंडं, गहू, कोळंबी दिसेल, कात्सुओ दिसणार नाही. घटकांची यादीच वाचायची, भाषांतराचं अ‍ॅप उघडून.

आणि एकदा तरी कोयासानला, म्हणजे मंदिरांच्या डोंगरावर, जा. ओसाकाच्या नाम्बाहून आगगाडीने साधारण दीड तास, शेवटी डोंगर चढणारी केबल कार. 816 साली कूकाई या बौद्ध भिक्षूला हा डोंगर सम्राटाकडून मिळाला. त्यांच्या शिंगोन पंथाच्या नावाचा अर्थच मंत्र, आणि तिथल्या देवळांत होतो तो "गोमा" म्हणजे आपला होम. पन्नासेक मंदिरांत मुक्कामाची सोय आहे, आणि जेवण शोजिन र्‍योरी. हे बौद्ध मठांतलं जेवण: मांस नाही, मासे नाहीत, दाशी कोम्बु आणि शिताके अळंब्यांची. कांदा-लसूणही नाही!

आईला मी ऑक्टोबरमध्ये नेलं होतं. चातुर्मास चालू होता आणि ती चातुर्मासात कांदा-लसूण खात नाही. ओसाकात चार दिवस तिने दही-भात आणि घरून आणलेलं मेतकूट यांवर काढले होते. कोयासानला संध्याकाळी साडेपाचलाच लाल लाखेची ताटं आली. वाटी-वाटीत थोडं थोडं, कोया-दोफु (गोठवून वाळवलेलं सोया पनीर), भाज्यांचं तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेल्या भाज्या), लोणचं, भात. गोमा-दोफु (इथला गोमा म्हणजे होम नव्हे, तीळ) तिने चमच्याने हलवून पाहिलं. तीळ वाटून, त्यात कुझु वेलीच्या मुळांचं सत्त्व घालून घोटलेली ती वडी, वर शोयु. "खरवसासारखं लागतं," म्हणाली आणि माझ्या वाटीतलंही संपवलं.

सकाळी ओकुनोइनला, कूकाईंच्या समाधीला, गेलो. कूकाई 835 पासून तिथे ध्यानस्थ आहेत अशी श्रद्धा आहे, आणि त्यांना रोज दोनदा जेवण नेतात. साडेदहाला भिक्षू लाकडी पेटी खांद्यावर घेऊन आमच्या समोरून समाधीकडे जाणाऱ्या पुलापलीकडे गेले. आईने हात जोडले. "आळंदीला माउलींना दाखवतात तसा नैवेद्य," म्हणाली. पुलापुढे फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे तुम्हाला दाखवायला माझ्याकडे काही नाही.

खोली ठरवतानाच रात्रीचं जेवण सांगून ठेवा, डोंगरावर हॉटेलं लवकर बंद होतात. आणि स्वेटर न्या.