घर बंद करून येण्याआधी

घराच्या विम्याचं नूतनीकरण आलं म्हणून कागद चाळत होते, तर एका कलमाशी थबकले. हीटिंगच्या मोसमात सलग चार दिवसांपेक्षा जास्त घर रिकामं राहणार असेल, तर कुणीतरी रोज आत येऊन हीटिंग चालू आहे ना ते बघायचं. नाहीतर पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून सगळे पाइप रिकामे करायचे. दोन्हींतलं एकही केलं नाही आणि पाइप गोठून फुटला, तर भरपाई विसरा. कॅनडातल्या बऱ्याच पॉलिसींमध्ये असं कलम असतं. इकडे डिसेंबरातली भारताची तिकिटं काढून ठेवलेली. कॅल्गरीत रोज घरात डोकावणारं माणूस आणायचं कुठून?

संताप आला. हप्ते वेळेवर भरायचे आम्ही आणि वर पहाराही आम्हीच लावायचा! पण नवऱ्याने कारण समजावून सांगितल्यावर राग निवळला. पाणी गोठताना सुमारे 9 टक्क्यांनी फुगतं. पाइपात बर्फाचा बोळा बसला की तो आणि बंद नळ यांच्यात कोंडलेल्या पाण्यावर दाब चढत जातो, आणि पाइप बऱ्याचदा त्या मधल्या भागातच तडकतो. म्हणून कडाक्याच्या रात्री बाहेरच्या भिंतीलगतचा नळ बारीक धारेने सोडून ठेवतात, सिंकखालच्या कपाटाची दारं उघडी टाकतात. घात होतो तो बर्फ वितळल्यावर. तोवर काही कळत नाही. मग पाणी सुटतं आणि घरात कुणी नसेल तर थेट बेसमेंट भरत जातं.

त्यामुळे आमच्याकडे सगळ्यात जास्त निगुतीने होतं ते बागेच्या नळाचं काम. आधी होज पाइप काढायचा, कारण तो लावलेला राहिला तर नळात पाणी अडून राहतं. मग बेसमेंटमधला त्या नळाचा व्हॉल्व्ह बंद करायचा, बाहेर जाऊन नळ पूर्ण उघडायचा. परत खाली येऊन व्हॉल्व्हच्या बाजूची छोटी पितळी टोपी पकडीने सैल करायची. खाली भांडं धरलं की उरलंसुरलं पाणी त्यात ठिबकतं. ते थांबलं की टोपी घट्ट करायची. बाहेरचा नळ मात्र हिवाळाभर उघडाच.

बाकीचं भराभर उरकतं. फर्नेसचा, म्हणजे घर गरम ठेवणाऱ्या भट्टीचा, फिल्टर बदलायचा, दारांच्या कडांना रबरी पट्ट्या लावायच्या, पन्हळीतली पानं काढायची, कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बटण दाबून तपासायचा. आणि भिंतीतून बाहेर निघालेल्या फर्नेसच्या पांढऱ्या पाइपांपुढे बर्फ साचू द्यायचा नाही. ती तोंडं बुजली तर फर्नेस बंद पडू शकते किंवा विषारी वायू घरात साठू शकतो.

पावसाळ्याआधी कौलं चाळणारी, गच्चीवर डांबर ओतणारी माणसं आपण. ऋतू यायच्या आत घर सज्ज करणं आपल्याला कुणी शिकवायला नको. पण आपल्याकडे छप्पर गळलं तर खाली बादली लावून रात्र काढता येते. इथे उणे 30 मध्ये फर्नेस बंद पडली तर सकाळपर्यंत थांबायची सोय नाही. ‘एवढ्या लांबून येता आणि लगेच निघता’ असं आई दर वेळी म्हणते, तेव्हा हे सगळं फोनवर सांगता येत नाही. यायची इच्छा कमी नसते हो. मागे घर जिवंत ठेवावं लागतं.

माणूस मिळालं ते शेजारच्याच घरात. निवृत्त इलेक्ट्रिशियन, सस्कॅचेवान प्रांतातल्या शेतावर वाढलेले. नवरा भीतभीतच विचारायला गेला, तर ते लगेच बूट चढवून आमच्या बेसमेंटमध्ये आले. मुख्य व्हॉल्व्ह कुठे आणि फर्नेसचा स्विच कोणता, एवढंच विचारलं आणि दोन्हींवर स्वतःच्या हाताने लाल चिकटपट्टी लावली. थर्मोस्टॅटखाली एक वही ठेवायला सांगितली. ते रोज तारीख, वेळ आणि तापमान त्यात लिहिणार, उद्या विमावाल्यांनी विचारलं तर नोंद असावी म्हणून. बर्फ थांबल्यापासून 24 तासांत घरापुढचा फुटपाथ साफ करायचा हा इथल्या महापालिकेचा नियम, तोही त्यांनी आपल्याकडे घेतला. पैशांचा विषय काढला तेव्हा त्यांना तो आवडला नाही, म्हणून पुन्हा काढला नाही.

किती दिवस जाणार, हे त्यांनी निघताना विचारलं. तीन आठवडे म्हटल्यावर म्हणाले, ‘मी रोज या रस्त्याने चालायला जातोच, तीन काय आणि सहा काय.’ त्याच रात्री आम्ही परतीची तारीख जानेवारीअखेरीवर ढकलली. आईला अजून सांगितलेलं नाही. रविवारी फोन करणार आहे.