रोलेक्सची वही: पाचवी खेप

गेल्या महिन्यात चार वेळा हात पोळून घेतल्यावर काल रात्री पहिल्यांदा खाण्यासारखं रोलेक्स जमलं, म्हणून ही नोंद. नवीन आलेल्यांसाठी सांगतो, घड्याळाशी संबंध नाही. चपातीला ऑम्लेट चिकटवून केलेली ही गुंडाळी. ‘रोल्ड एग्ज’ भरभर म्हणता म्हणता रोलेक्स झालं, असं इथे युगांडाच्या राजधानीत, कंपालात, कुणीही सांगेल. मकेरेरे विद्यापीठाला लागून असलेल्या वांडेगेयात संध्याकाळनंतर याच्याच शेगड्या पेटलेल्या दिसतात.

मी जन्माचा पोळीवाला, पण इथे ‘चपाती’ म्हणणंच भाग आहे. लुगांडात, म्हणजे इथल्या भाषेत, शिरलेला शब्दही तोच. १८९६ पासून मोंबासाहून आत रेल्वे टाकायला आपल्याकडचे मजूर आले, मागोमाग दुकानदार आले, आणि चपाती या मुलखात रुळली. माझं घोडं नेमकं इथेच अडलं होतं. ओळखीचा पदार्थ म्हणून मी घरच्यासारखीच पोळी केली. गव्हाची कणीक, पातळ लाटलेली, तव्यावर टम्म फुगलेली. वर ऑम्लेट ठेवून गुंडाळली तर मधोमध चिरली आणि टोमॅटोचं पाणी कोपरापर्यंत. दुसऱ्या आणि तिसऱ्या खेपेला मैदा घेतला, पण मळला आपल्या पुरीसारखा घट्ट. चामडं झालं.

मग घराखालच्या कोपऱ्यावर चपात्या करणाऱ्या पोराकडे संध्याकाळी जाऊन उभा राहू लागलो. दोन दिवस तो हसला, तिसऱ्या दिवशी म्हणाला, ‘सेबो (म्हणजे साहेब), हात लावून बघ.’ उंडा बोटाला लागेल इतका मऊ, वरून तेलाने चकचकीत, प्लॅस्टिकखाली झाकून ठेवलेला. पिठी नाहीच, तेलाचाच हात. लाटणंही नाही; तेलकट फळीवर तळव्याने थापून, कडा ओढून मोठी करायची. जाडीला आपल्या पराठ्याच्या जवळपास.

चौथ्या खेपेपासून माझं प्रमाण असं: मैदा २५० ग्रॅम, कोमट पाणी १५० मिली, तेल दोन मोठे चमचे, मीठ अर्धा चमचा. दहा मिनिटं तिंबायचं, चार उंडे करून तेल चोपडून पाऊण तास विसरून जायचं. हा पाऊण तास मी आधी खाऊन टाकत होतो. वीस मिनिटांत घेतलेला उंडा थापला की मागे सरकतो, पाऊण तासाने घेतलेला जिथे ओढाल तिथे थांबतो. मध्यम आचेवर, तेल सोडून, तपकिरी ठिपके येईपर्यंतच भाजायची. कडक होऊ द्यायची नाही, कारण तिला अजून एकदा तव्यावर जायचंय.

चौथ्या वेळी चपाती छान झाली आणि अंड्याने घात केला. कोबी, कांदा, टोमॅटो अंड्यांच्या मगमध्ये घालून, मीठ टाकून, मी निवांत चपात्या भाजत बसलो. तेवढ्यात मिठाने कोबी-टोमॅटोला पाणी सुटलं आणि तव्यावर ऑम्लेटऐवजी भुर्जी झाली. काल मीठ अगदी ओतायच्या आधी घातलं. कोबी केसासारखा बारीक, मूठभरच. टोमॅटो मगमध्ये घातलाच नाही. चकत्या करून शेवटी कच्च्याच, वर चिमूटभर मीठ. कोपऱ्यावरचा पोरगाही अर्धा टोमॅटो शेवटी असाच टाकतो, हे मी इतके दिवस बघूनही पाहिलं नव्हतं.

सगळी गंमत चिकटवण्याच्या क्षणात आहे. दोन अंडी तव्यावर पसरली की कडा पांढऱ्या होतात, मध्ये ओलं चकाकत राहतं. ते ओलं असतानाच चपाती वर टाकायची आणि उलथन्याने दाबायची. मी आजवर अंडं पूर्ण शिजू द्यायचो, मग चपाती वेगळी आणि ऑम्लेट वेगळं, दोघांची तोंडं दोन दिशांना. काल दहाएक सेकंद दाबलं, उलथलं, तर अख्खं एकजीव वर आलं. टोमॅटोच्या चकत्या, घट्ट गुंडाळी, कागदात दोन मिनिटं. त्या वाफेने चपाती पुन्हा नरम पडते, तेव्हा कागद टाळू नका.

चिरली नाही. मुलीने अर्धं खाऊन विचारलं, ‘बाबा, खालच्या दादाकडून आणलं का?’ मी खरं सांगायला जरा वेळ लावला.

अजून दोन गोष्टी खटकतात. गॅसवर तो कोळशाचा धुरकट वास येत नाही, आणि माझा तवा मध्ये खोलगट असल्याने अंडं एका जागी साचतं. सपाट लोखंडी तवा बघून ठेवलाय. मातीची सिगिरी, म्हणजे कोळशाची शेगडी, बाल्कनीत चालेल का, हे घरमालकिणीला विचारायचंय. तोवर उरलेल्या दोन चपात्यांचे तुकडे करून उकडलेल्या राजम्यासारख्या घेवड्यात कालवले. त्याला इथे किकोमांडो म्हणतात, आणि तो पहिल्या फटक्यात जमला.