चिऱ्यांची भिंत, दुसऱ्यांदा

आमचं परडं उताराचं. कुडाळपासून आत, डोंगराच्या अंगाला घर. मागच्या दारातून दहा पावलं गेलं की जमीन एकदम चार फूट खाली, आणि मग माड-सुपारी. दर पावसाळ्यात वरची माती थोडी थोडी खाली जायची, तिच्याबरोबर माझी अबोलीही. शाळेतून निवृत्त झाल्यावर पहिलं काम हेच ठरवलं होतं: तिथे जांभ्या चिऱ्यांची भिंत घालायची, वरचा भाग सपाट करायचा आणि भाजीचे वाफे काढायचे.

पहिली भिंत एप्रिलमध्ये उभी राहिली आणि जुलैत पडली.

28 फूट लांब, 4 फूट उंच, जाडी एका चिऱ्याची, म्हणजे 9 इंच. दरजा सिमेंटने झकास भरलेल्या. गवंड्याने विचारलं होतं, "बाईनू, पाण्याक भोकां ठेवू मां?" मीच नको म्हटलं. भोकांतून साप शिरतील, शिवाय तोंडावर लाल ओघळ दिसतील. मागे भरायला पाया खणताना निघालेली चिकण माती वापरली, फुकटची होती म्हणून.

जुलैत तीन दिवस पाऊस तुटला नाही. चौथ्या दिवशी सकाळी बघते तर भिंतीने मधोमध पोट काढलेलं. दुपारी चहा ठेवला होता, तेवढ्यात मागे जड पोतं आपटल्यासारखा आवाज झाला. जाऊन पाहिलं तर निम्मी भिंत सुपारीच्या बुंध्यापाशी आणि तिच्यावरून गढूळ पाणी वाहतंय.

तीस वर्षं मी मुलांना शिकवलं, की पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो. वहीत आकृत्या काढून घेतल्या, मार्क कापले. आता स्वतःचं गणित मांडलं. भिंतीमागे 4 फूट पाणी साठलं की भिंतीच्या दर फुटाला सुमारे 225 किलोचा आडवा रेटा बसतो, आणि मातीचा रेटा वेगळाच. माझ्या भिंतीचं स्वतःचं वजन फुटाला 180 किलोच्या आसपास. उंची दुप्पट केली तर पाण्याचा रेटा चौपट होतो. हे नववीतल्या पोराला आलं नसतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं.

दिवाळीनंतर दुसरे मिस्त्री आले, वयस्कर, कमी बोलणारे. पडलेल्या चिऱ्यांवर बसून त्यांनी पान जुळवलं आणि म्हणाले, "मातयेन न्हय हो, पाण्यान पाडल्यान. पाण्याक वाट देवक व्हयी, नायतर ता आपली वाट करताला."

चिरे आणायला मी त्यांच्याबरोबर खाणीवर गेले. ताजा कापलेला चिरा ओलसर आणि मऊ असतो, सहज तासला जातो. उन्हावाऱ्यात राहिला की कडक होत जातो. मिस्त्री प्रत्येक ढिगातला एखादा चिरा हातोडीने वाजवायचे. बद्द आवाज आला, किंवा आत पिवळ्या-पांढऱ्या मातीचे पुंजके दिसले, की बाजूला. एकेक चिरा तीस किलोच्या घरात, त्यामुळे ही निवड करताना माझी भूमिका मान हलवण्याचीच. 400 नवे घेतले, जुन्यातले सव्वाशे धड निघाले.

पाया फूटभर खणून मुरुमापर्यंत नेला, तळाला दगड पसरून धुमसाने ठोकून बसवले. तळाची रुंदी अडीच फूट, म्हणजे पायासकट उंचीच्या निम्मी. वर निमुळती होत माथ्याला 14 इंच. ओळंबा मी लावून बघितला तर भिंत आत कललेली. दर फुटाला इंच-सव्वा इंच. मी सांगायला गेले तर मिस्त्री हसले, ते मुद्दाम होतं. मातीच्या अंगावर रेललेली भिंत बरी. मध्येमध्ये एखादा चिरा लांबीने आत घुसवायचा, म्हणजे पुढचा आणि मागचा थर एकमेकांना धरून राहतात. चिरे लावण्याआधी भिजवायचे, नाहीतर ते सिमेंटच्या मालातलं पाणी पिऊन टाकतात. सांधमोड चुकली, म्हणजे वरच्या थराचा सांधा खालच्या सांध्यावरच आला, म्हणून एक अख्खा थर त्यांनी स्वतः उतरवला. मजुरीचा अर्धा दिवस गेला, पण त्याबद्दल कुणी बोललं नाही.

भोकं म्हणजे 3 इंची पीव्हीसी पाइपचे तुकडे, दोन ओळींत, पाच-पाच फुटांवर, बाहेरच्या बाजूला किंचित उतार देऊन. एकूण अकरा. त्यांच्या आतल्या तोंडाला जाळी. भिंतीमागे फूटभर जाडीची खडी, सव्वा ब्रास (सव्वाशे घनफूट) लागली, आणि खडी व मातीच्या मध्ये जिओटेक्स्टाइल, पाणी सोडणारं पण माती अडवणारं कापड, म्हणजे माती वाहत येऊन खडी बुजवणार नाही. ते कापड इथल्या बाजारात मिळेना, कोल्हापूरहून एसटीच्या पार्सलने मागवलं. आठवडाभर पाणी मारून भिंत पक्की झाल्यावरच भराव घातला, सहा-सहा इंचांचे थर करत, प्रत्येक थर ठोकून. मला घाई झाली होती, वाल पेरायचे होते. वर भिंतीच्या कडेने उथळ चर काढला, डोंगराचं पाणी आत मुरण्याऐवजी बाजूच्या व्हाळाकडे जावं म्हणून.

आमच्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री धो-धो लागला तेव्हा मी बॅटरी घेऊन, इरलं नाही म्हणून डोक्यावर प्लॅस्टिकची गोणी घेऊन खाली गेले. दहा पाइप वाहत होते, आधी लाल, मग तासाभरात गढूळसर. अकरावा कोरडा. पोटात गोळा आला. झाडूतला हीर काढून आत सारला, तर काहीतरी मऊ लागलं, हललं, आणि एक टपोरा बेडूक बाहेर पडून माझ्या पावलावर बसला. मागोमाग पाणी आलं.