बूड लागलेलं सूप
शनिवारी माझ्यामुळे 60 लिटर सूप वाया गेलं. आज मंगळवार, तरी डोक्यातून जात नाही.

टोकियोत ताकादानोबाबाला रामेनच्या, म्हणजे सुपातल्या नूडल्सच्या, एका दुकानात मी काम करतो. विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला 28 तासच करता येतं. ओट्यालगत 9 खुर्च्या, एवढंच दुकान. हाकाता, साप्पोरो, किताकाता या जपानातल्या तीन ठिकाणांच्या तीन तऱ्हा, तिन्हीकडचं रामेन 850 येनला. रामेन हजार येनच्या वर गेलं की गिऱ्हाईक बिचकतं. इथे त्याला 'हजार येनची भिंत' म्हणतात. आमचे मालक, म्हणजे तायशो, ती ओलांडत नाहीत. पोरांना परवडलं पाहिजे, म्हणतात. मला ते मनापासून पटतं.

हाकाताचं सूप डुकराच्या हाडांचं. हाडं एकदा उकळून, काळा फेस काढून, घासून धुवायची आणि मग मोठ्या आचेवर तासन् तास रटरटत ठेवायची. मंद आचेवर सूप नितळ राहतं. रटरटलं तरच चरबी पाण्यात मिळून येते आणि दुधासारखा रंग धरतो. कुरुमे गावात 1947 साली कुणाचं तरी सूप चुकून जास्त उकळलं, त्यातून हा प्रकार निघाला असं सांगतात. पण हाडं विरायला लागली की गाळ बुडाशी बसतो. तेव्हा लाकडी वल्ह्याने तळापासून ढवळत राहावं लागतं. ते काम माझं.

शनिवारी ढवळत होतो, तेवढ्यात नूडल्सवाला आला. हाकाताच्या सुतासारख्या, मिनिटाच्या आत शिजणाऱ्या. किताकाताच्या रुंद, चुरगळलेल्या, त्यांना तीन-चार मिनिटं लागतात. पेट्या उघडून बघायला मला आवडतं. एक पेटी कमी निघाली. हे त्याचं नेहमीचंच, त्यावरून बोलणं लांबलं. आत आलो तर वास. घरी डाळ खाली लागली की यायचा, तोच.

तायशोंनी चमचाभर चाखलं आणि गॅस बंद केला. मी म्हटलं, साप्पोरोच्या मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या वाटणात, खपून जाईल, तो लसणाबरोबर चरबीत परततातच. त्यांनी न बोलता मिसो घालून एक वाटी माझ्यापुढे ठेवली. मला करपट लागलं नाही.

"शेवटी येतं," ते म्हणाले.

पुन्हा चाखलं. नाही आलं.

गिऱ्हाईक ज्यातून पदार्थाचं तिकीट काढतं त्या यंत्रावर हाकाता आणि साप्पोरो या दोन ओळींवर चिकटपट्टी लागली. किताकाताचा हंडा वेगळा, म्हणून तेवढं चाललं. बरीच पोरं परत गेली. एकाने चिकटपट्टीचा फोटो काढला, आत मात्र आला नाही. याचा मला राग आला. रोज हाकाता खाणारे एक आजोबा मुकाट्याने किताकाता जेवले. सवयीने 'काएदामा' म्हणाले, म्हणजे उरलेल्या सुपात नूडल्सची दुसरी गुंडी. किताकाताला ती आम्ही देत नाही. सांगितल्यावर मान हलवून निघाले.

तायशोंनी पगारातून एक येन कापला नाही. रात्री हंडा रिकामा केला तेव्हा तळाशी तळहाताएवढा काळा डाग होता. घासण्याआधी भांड्याच्या कडेचं गार सूप बोटावर घेतलं, गिळलं, नाकाने श्वास सोडला. तेव्हा तो करपट वास आला, अगदी शेवटी, पुसट. की डाग बघितला म्हणून आला, हे मला अजून ठरवता येत नाही.