पॉपर की ड्रॉप शॉट?

आज उजाडायच्या आधीच बास मासे गळाने धरायला टेक्ससच्या लेक फोर्क तलावावर. राज्याचा विक्रमी 18.18 पौंडी बास 1992 साली इथलाच. पाणी शांत होतं तोवर पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारं खोटं आमिष: टाकायचा, तरंग विरेपर्यंत थांबायचं, मग मनगटाने हलका हिसका. खाली फडाका उडाला तरी रॉड लगेच ओढायचा नाही, माशाचा भार जाणवू द्यायचा. सांगायला सोपं, त्या क्षणी हात ऐकतोय थोडाच!

ऊन चढलं तशी वर सामसूम. मग ड्रॉप शॉट: वजन तळाला, फूटभर वर प्लॅस्टिकची छोटी अळी, बारीक दोरी आणि नुसती थरथर. मासे यावरच जास्त लागले. तरी मला विचाराल तर पॉपरवरचा एक त्या सगळ्यांना भारी.

16 ते 24 इंचांमधले इथे सोडावेच लागतात, म्हणून सगळे परत पाण्यात. आई फोनवर: "मग गेलास कशाला?"