अकरा रात्री, दोन रात्री

मला आपलं वाटायचं की माझं गणित कच्चं आहे. पण बाबा हॉस्पिटलमध्ये होते तेव्हाचा हिशोब आज दोन वर्षांनीही मला तोंडपाठ आहे. एकूण १३ रात्री. त्यातल्या ११ मी काढल्या, २ दादाने. आणि त्या दोनमधल्या एका रात्री तो साडेअकराला आला न् पहाटे पाचला निघाला, म्हणजे खरं तर दीडच, पण जाऊ दे, मी मोठ्या मनाने दोन धरते. पेशंटच्या शेजारी ती एक खुर्ची असते ना, अर्धवट मागे जाणारी, जरा कूस बदलली की खटकन सरळ होते, ती खुर्ची माझ्या पाठीत अजून आहे.

आता गंमत अशी की मी चर्चला जाणारी बाई. क्षमा, प्रेम, दया वगैरे शब्द लहानपणापासून इतके ऐकलेत की ते कानावरून सरळ पुढे निघून जातात. ख्रिस्ती जीवन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर कोणीतरी भलताच मोठा माणूस यायचा, घरदार सोडून निघालेला किंवा विश्वासापायी तुरुंगात गेलेला. आपल्याला काय, रविवारी चर्चला गेलो, कोणाचं वाईट केलं नाही, झालं.

तर आमच्याकडे रात्री झोपायच्या आधी प्रभूची प्रार्थना होते, येशूने शिष्यांना शिकवलेली, सगळे मिळून. आधी ती आम्ही एका दमात म्हणायचो, अगदी पाढे म्हटल्यासारखी. आजारपणानंतर बाबांना दम लागतो, मग ते मधेच थांबतात, आणि ते थांबले की आम्हालाही थांबावं लागतं. आणि ते थांबतात नेमके कुठे, तर 'जसे आम्ही आपल्या ऋणींना' इथे. श्वास घेतात. मग 'ऋण सोडले आहे'. त्या तीन-चार सेकंदांत मी लटकलेली असते. ऋणींना काय? पुढे बोला ना बाबा. आणि पुढे येतं ते म्हणायची तर माझी तयारीच नसते.

बायबलमध्ये येशूची गोष्ट सांगणारी पुस्तकं म्हणजे शुभवर्तमानं, त्यातल्या लूकच्या शुभवर्तमानात याच जागी पापांची क्षमा आहे, पण मत्तयच्या शुभवर्तमानात सरळ ऋण. मत्तय म्हणजे परंपरेने तो जकातदार, त्यामुळे त्याला देण्याघेण्याची भाषा जवळची वाटली असेल असा माझा आपला अंदाज. पण मला खरा टोचतो तो त्या वाक्यातला काळ. 'सोडू' नाही, 'सोडायचा प्रयत्न करतोय' नाही, 'सोडले आहे'. म्हणजे मी रोज रात्री देवासमोर सही करून देते की खातं क्लिअर केलंय आणि त्याच मापाने तू माझं कर. इकडे ११ आणि २ तसंच्या तसं उभं. ही प्रार्थना शिकवून झाल्यावर येशू तिच्यातल्या एकाच मागणीवर परत बोलतो, ती हीच. तुम्ही सोडलं नाही तर तुम्हालाही सुटणार नाही, असं स्पष्ट. तेव्हा पळवाट नाही.

मी पळवाट शोधली नाही असं नाही हं. पेत्राची गोष्ट आहे ना, तो येशूचा शिष्य, विचारतो भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का, आणि येशू म्हणतो साताच्या सत्तर पट. म्हणजे ४९०. तो सांगतोय की बाबा रे मोजणं सोड, आणि माझं डोकं लगेच विचार करतं की दादाचे आतापर्यंत किती झाले असतील.

त्याच्या पुढेच येशूने सांगितलेला त्या चाकराचा दाखला, म्हणजे बोधकथा, येतो, राजाने त्याचं दहा हजार टॅलेंट कर्ज माफ केलं आणि त्याने बाहेर पडल्या पडल्या दुसऱ्या चाकराचा शंभर दिनारांसाठी गळा धरला. एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी, आणि एका टॅलेंटचे साधारण सहा हजार दिनार. म्हणजे पहिलं कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीचं, एकही सुट्टी न घेता फेडायला दीड लाखाहून जास्त वर्षं. हे सगळे सांगतात. पण शंभर दिनार म्हणजे काही चिल्लर नव्हे, तीन महिन्यांहून जास्त कमाई आहे ती! हे फारसं कोणी बोलत नाही आणि मला मात्र यात बरं वाटतं. माझ्या ११ रात्री खऱ्या होत्या, पाठ खरंच दुखत होती, 'अगं त्यात काय एवढं' असं तो दाखला म्हणत नाही. (आणि क्षमा करा म्हणजे मुकाट मार खात राहा असा अर्थ काढणाऱ्यांशी माझं भांडणच आहे, पण तो विषय वेगळा.)

एवढं सगळं कळूनही मी ढिम्म. हलले ते दुसऱ्याच एका वचनाने. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तिथे भावाची आठवण झाली तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर. येशू हे बोलला ते गालील प्रांतात, वेदी यरुशलेमच्या मंदिरात, मधे शंभर किलोमीटरहून जास्त अंतर, चालत तीन-चार दिवस. म्हणजे एवढ्या लांब आलेल्या माणसाला म्हणायचं की परत जा आणि मग पुन्हा ये. मी हे वचन आयुष्यभर उलटं वाचत आले होते. मला वाटायचं, माझ्या मनात भावाविरुद्ध काही असेल तर. पण तिथे आहे, भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही असेल तर.

दादाच्या मनात? माझ्याविरुद्ध? काय असणार, असं म्हणेपर्यंत आठवलंच. डिस्चार्जच्या दिवशी, बिलाच्या काउंटरसमोर, वहिनी आणि त्यांचा पोरगा बाजूला उभे असताना मी म्हटलं होतं, पाहुण्यासारखा आलास ना, मग आता पाहुण्यासारखाच जा. पोरगा खाली बघत बुटाची लेस उगाच सोडून परत बांधत होता. ही नोंद माझ्या वहीत नव्हती. माझ्या वहीला एकच बाजू होती, येणे बाकी.

फोन करायला पुढे तीन आठवडे गेले. मेसेज टाईप करून चार वेळा डिलीट केला. शेवटी फोन केला आणि आधी हवापाण्याचं बोलून मग एकदाचं म्हटलं की त्या दिवशी काउंटरपाशी मी जे बोलले ते चुकलं. खरं सांगू का, मला आतून वाटत होतं की आता हा म्हणेल, नाही गं, चूक माझीच होती, मी यायला पाहिजे होतं. तसं काही झालं नाही. नुसतं हं म्हणाला. मग जरा वेळाने म्हणाला, पोरगा अजून विचारतो, आत्या रागावलीये का म्हणून.

मग त्याने इन्शुरन्सच्या कुठल्याशा कागदाचा विषय काढला. ठेवता ठेवता म्हणाला, बाबांच्या पुढच्या चेकअपला मी घेऊन जातो, तारीख सांग. सांगितली. येईल, नाही येईल. मी कुठे लिहून ठेवलेलं नाही. म्हणजे फोनच्या कॅलेंडरमध्ये टाकलंय, पण ते बाबांसाठी.